चारचौघांत बोलायला शिकवायचं कसं, तेही भाषण पाठ न करता

भाषण म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काय येतं बघा, वर्षातून एकदा होणारी स्पर्धा, त्यात दरवर्षी भाग घेणारी तीच ती चार-पाच मुलं, कोणीतरी मोठ्या माणसाने लिहून दिलेला कागद आणि तो घडाघडा म्हणून दाखवणारं मूल. बाकीचा वर्ग खाली बसून टाळ्या वाजवतो. मी बरीच वर्षं शिकवतेय आणि सुरुवातीची कित्येक वर्षं मीही हेच केलं. ज्याला येतं त्याला पुढे करायचं, ज्याला येत नाही त्याला "पुढच्या वेळी हं" म्हणायचं, आणि ती पुढची वेळ काही यायचीच नाही.

मग एक प्रसंग घडला. बारा-एक वर्षांची मुलगी, विषय झाडांचा, भाषण मी स्वतः लिहून दिलेलं. तिने मनापासून पाठ केलं होतं. उभी राहिली, पहिली दोन वाक्यं छान आली आणि तिसऱ्याला अडली. परत पहिल्या वाक्यापासून सुरू केलं, धावत धावत त्याच जागेपर्यंत आली आणि परत तिथेच अडली. असं तीनदा. टेबलाची कड तिने इतकी घट्ट धरली होती की अंगठ्याचं नख पांढरं पडलेलं मला लांबून दिसत होतं. मागून मुलं पुढचा शब्द सांगायला लागली आणि त्याने ती जास्तच गोंधळली, शेवटी खाली बसली. त्याच दिवशी मधल्या सुट्टीत तीच मुलगी मैत्रिणीला सांगत होती की झाडात काही पंप बसवलेला नसतो तरी पाणी वर कसं चढतं. रुमालाचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवून दाखवत होती, "बघ, असं चढतं, आणि वर पानातून पाणी उडून जातं ना, म्हणून खालचं ओढलं जातं." एकदाही अडली नाही. मी मागे उभी राहून ऐकत होते आणि मला कळलं की चूक तिची नव्हती, माझी होती. मी तिला माझे शब्द दिले होते. उसने शब्द माळेसारखे असतात, एक मणी सुटला की सगळी माळ घरंगळते. स्वतःला समजलेलं सांगताना एक शब्द नाही सापडला तर माणूस दुसरा घेतो आणि पुढे जातो.

त्यानंतर मी शिकवायची पद्धतच बदलली. ती इथे सविस्तर लिहितेय. शिक्षकांना उपयोगी पडेल, पालकांना पडेल आणि जे स्वतः विद्यार्थी आहेत त्यांनाही, कारण बऱ्याच गोष्टी एकट्याला घरी करता येण्यासारख्या आहेत.

आधी हे पटवून घ्या की हा अभ्यासच आहे

कारण हे पटलं नाही तर पहिल्याच आठवड्यात तुम्ही म्हणाल की पोर्शन राहिलाय, भाषणं कुठे घेत बसू. बोलणं हे पोर्शनच्या बाहेरचं काही नाहीये, पोर्शन डोक्यात उतरवायची ती एक पद्धत आहे. १९९४ मध्ये मिशेलीन ची या संशोधिकेने आठवीच्या मुलांना रक्ताभिसरणावरचा एक उतारा दिला, काही मुलांना सांगितलं की प्रत्येक ओळ वाचून झाली की तिचा अर्थ स्वतःलाच बोलून समजावा, आणि बाकीच्यांना तोच उतारा दोनदा वाचायला दिला. ज्यांनी बोलून समजावलं त्यांना विषय जास्त खोल समजला. म्हणजे श्रोता कोणी नसला तरी नुसतं बोलण्याने एवढा फरक पडतो. मनात वाचलेले शब्द आणि मोठ्याने म्हटलेले शब्द यात मोठ्याने म्हटलेले जास्त लक्षात राहतात, हेही स्मरणशक्तीवरच्या अभ्यासात पुन्हा पुन्हा दिसलंय.

आणि ही काही आजची टूम नाही. मध्ययुगात युरोपातल्या विद्यापीठांत पदवी घ्यायची तर लेखी पेपर नव्हता, सगळ्यांसमोर उभं राहून मुद्दा मांडायचा आणि समोरचा आक्षेप घेईल त्याला उत्तर द्यायचं, हीच परीक्षा. त्या काळच्या शिक्षणाचे पहिले तीन विषयच व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व. नंतर कागद स्वस्त झाला, छपाई आली, मुलांची संख्या वाढली, एकेकाला ऐकत बसणं परवडेना आणि लेखी परीक्षेने सगळी जागा घेतली. १९६५ मध्ये ब्रिटनमध्ये अँड्र्यू विल्किन्सन यांनी "ओरसी" हा शब्द मुद्दाम तयार केला. वाचता-लिहिता येण्याला साक्षरता म्हणतो तसं बोलता-ऐकता येण्यालाही एक नाव हवं, नाव नसलं की ती गोष्ट कोणी शिकवत नाही, हा त्यामागचा विचार. मला हे फार पटतं. लिहायला आपण अक्षर गिरवण्यापासून शिकवतो, बोलणं मात्र मुलाला आपोआप येईल असं धरून चालतो.

सुरुवात स्वतः गप्प बसण्यापासून

हे विचित्र वाटेल पण खरंच पहिली पायरी हीच. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेने विज्ञानाचे तास रेकॉर्ड करून मोजलं होतं, शिक्षक प्रश्न विचारल्यावर उत्तराची वाट साधारण किती वेळ बघतात? जेमतेम एक सेकंद. मग एकतर दुसऱ्या मुलाकडे वळतात किंवा उत्तर स्वतःच देऊन टाकतात. तीच वाट तीन सेकंद किंवा जास्त बघितली की मुलांची उत्तरं लांब व्हायला लागतात, "माहीत नाही" कमी होतं, एरवी गप्प राहणारी मुलं बोलायला लागतात, आणि मुलं स्वतः प्रश्न विचारायला लागतात. फक्त तीन सेकंद. करून बघा, ते तीन सेकंद फार मोठे वाटतात, हात शिवशिवतात मदत करायला. मी मनात एक-दोन-तीन मोजते. आणि मुलाचं उत्तर संपल्यावर पण परत मोजते कारण पुष्कळदा खरं उत्तर त्या पहिल्या वाक्यानंतरच्या शांततेत असतं, मूल थांबतं, विचार करतं, आणि "म्हणजे असं की..." म्हणून पुढचं चांगलं वाक्य बोलतं.

दुसरी गोष्ट, एकदम सगळ्यांसमोर उभं करू नका. आधी एकट्याने विचार, मग शेजारच्याला सांगणं, मग वर्गाला. फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये ही पद्धत मांडली आणि आता जगभर वापरतात, कारण ती साधी आहे आणि चालते. दोन मिनिटं शेजाऱ्याला सांगून झालं की मुलाची ती एक रंगीत तालीमच झालेली असते, चुकीचे शब्द गळलेले असतात, आणि मुख्य म्हणजे एका माणसाने ऐकून मान डोलावलेली असते. मी आणखी एक भर घातलीय, वर्गाला सांगताना स्वतःचं मत सांगायचं नाही, शेजारी काय म्हणाला ते सांगायचं. लाजाळू मुलाला हे फार सोपं जातं, चुकलं तरी ते आपलं नाही असं वाटतं, आणि त्याला नीट ऐकावंही लागतं.

रोज एक मिनिट

आता खरं काम. रोज दोन मुलं, प्रत्येकी एक मिनिट. चाळीस मुलांचा वर्ग असेल तर वीस दिवसांत सगळ्यांची एक फेरी होते, तासातली तीन-चार मिनिटं जातात. वर्षातून एकदा पाच मिनिटं बोलण्यापेक्षा अशी आठ-नऊ वेळा एकेक मिनिट बोललेलं मूल कुठल्या कुठे जातं. पहिल्या फेरीत पुढे बोलवायचंच नाही, स्वतःच्या जागेवर उभं राहून बोलायचं. दुसऱ्या फेरीत जागेवरच पण वर्गाकडे तोंड करून. तिसऱ्या फेरीत पुढे यायचं. फळ्यासमोर येऊन चाळीस चेहऱ्यांकडे बघणं ही मोठी उडी आहे, ती पायऱ्या करून घ्यायची.

विषय देऊ नका, प्रश्न द्या. हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे असं मला वाटतं म्हणून जरा थांबून लिहिते. "पाण्याचं महत्त्व" असा विषय दिला की मूल काय करणार, पाणी म्हणजे जीवन, पाण्याशिवाय काही नाही, आपण पाणी वाचवलं पाहिजे, संपलं. त्यात त्याचं स्वतःचं काही नाही, सांगण्यासारखंही काही नाही, म्हणून पाठ करावं लागतं. तेच "बर्फ पाण्यावर का तरंगतो, बाकी बहुतेक पदार्थ घट्ट झाले की स्वतःच्याच द्रवात बुडतात, मग बर्फ का नाही" असं विचारलं की मूल शोधतं, पाणी गोठताना पसरतं, जागा जास्त घेतं, म्हणून तेवढ्याच जागेत वजन कमी भरतं, हे त्याला कळतं, आणि कळलेली गोष्ट सांगायची त्याला घाई असते. इतिहासात "अमुक राजाचं कार्य" असं न देता "त्याने हाच निर्णय का घेतला, तू असतीस तर काय केलं असतंस", गणितात "हे उदाहरण ज्याला अजिबात येत नाही त्याला कुठून सुरुवात करून सांगशील". प्रश्नाला उत्तर द्यायचं असतं त्यामुळे भाषणाला आपोआप एक दिशा येते, सुरुवात, मधला भाग, शेवट वेगळा शिकवावा लागत नाही.

ती "आदरणीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग" वाली सुरुवातही रोजच्या मिनिटात काढून टाका. समारंभात ती शोभते, वर्गात त्यात दहा सेकंद जातात आणि मुलाचा सूर एकदा पाठांतराचा लागला की पुढे तोच राहतो. थेट प्रश्न वाचायचा आणि उत्तर सुरू.

तयारी कशी करायची (हे मुलांसाठी आहे)

पूर्ण भाषण लिहू नका. लिहिलं की ते पाठ करावंसं वाटतं आणि लिहिलेली वाक्यं बोलायच्या वाक्यांपेक्षा लांब आणि जड असतात, ती तोंडात बसत नाहीत. त्याऐवजी तीन मुद्दे, प्रत्येकी तीन-चार शब्दांत, एका जाड कार्डवर. जाड का सांगते, पातळ कागद हातात धरला की हाताची एवढीशी थरथर कागदाच्या टोकाला मोठी होते, कागद फडफडतो, तो आवाज आपल्याच कानाला ऐकू येतो आणि आपण जास्त घाबरतो. जाड पुठ्ठ्याचं हाताएवढं कार्ड घेतलं की हा प्रश्नच मिटतो. अक्षर मोठं काढा, म्हणजे खाली ठेवलं तरी वाचता येईल.

दोनच वाक्यं पक्की ठरवायची, पहिलं आणि शेवटचं. पहिलं अशासाठी की तेव्हा भीती सगळ्यात जास्त असते आणि डोकं चालत नाही, आणि शेवटचं अशासाठी की नाहीतर माणूस थांबायचं कुठे हे न कळून "तर... असं आहे... एवढंच" करत राहतो. मधलं सगळं मोकळं. मग मोठ्याने बोलून बघा, मनात नाही, मोठ्याने. एकदा एकटे, एकदा उभं राहून घड्याळ लावून, एकदा आपल्यापेक्षा लहान कोणालातरी. लहान मुलाला सांगितलं की आपल्याला नीट न समजलेली जागा लगेच सापडते कारण ते "म्हणजे काय?" विचारतं आणि आपण अडतो. ती जागा परत वाचायची. दर वेळी बोलताना वाक्यं वेगळी झाली तर घाबरू नका, उलट तसंच व्हायला हवं, मुद्दे तेच आणि शब्द वेगळे म्हणजे विषय तुमचा झालाय.

मोबाईलवर रेकॉर्ड करायचं असेल तर आधी फक्त आवाज करा. व्हिडिओ पहिल्यांदा बघितला की लक्ष केसांवर आणि हातांवर जातं, मुद्द्यावर राहत नाही. आणि स्वतःचा आवाज परका वाटतो तो सगळ्यांनाच वाटतो, एरवी आपण आपला आवाज हवेतून आणि डोक्याच्या हाडांतून असा दोन्हीकडून ऐकतो, रेकॉर्डिंगमध्ये फक्त हवेतला ऐकू येतो.

भीतीचं काय करायचं

"घाबरू नकोस" हे म्हणणं बंद करा एवढंच आधी सांगेन. त्याने कोणाची भीती गेलेली मी बघितली नाही. भीती ही शरीराची गोष्ट आहे, छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, हात गार होतात, आणि ती इतकी भरवशाची आहे की प्रयोगशाळेत माणसाला ताण द्यायचा असेल तर संशोधक त्याला परीक्षकांसमोर पाच मिनिटं भाषण करायला लावतात आणि लगेच तिथेच तोंडी गणितं करायला सांगतात. जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात ही चाचणी तयार झाली, १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि अजून वापरात आहे. म्हणजे मुलाला भीती वाटते यात त्याची काही कमतरता नाही, धडधाकट मोठ्या माणसांनाही तेच होतं. हे मुलांना सांगा, नुसतं ऐकूनच कितीतरी मुलांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो.

अजून दोन गोष्टी मी मुलांना नेहमी सांगते. एक, तुमची भीती तुम्हाला वाटते तेवढी बाहेर दिसत नाही. केनेथ सॅविट्स्की आणि थॉमस गिलोविच यांनी २००३ मध्ये हे तपासलं, बोलणाऱ्यांना वाटत होतं की आपली घबराट सगळ्यांना दिसतेय, ऐकणाऱ्यांना मात्र ती बरीच कमी दिसत होती. आणि गंमत म्हणजे ज्यांना ही गोष्ट भाषणाआधी समजावून सांगितली त्यांची भाषणं जास्त चांगली झाली. दुसरी, धडधड थांबवायचा प्रयत्न करू नका, तिला वेगळं नाव द्या. अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स यांच्या २०१४ च्या अभ्यासात भाषणाआधी "मी शांत आहे" म्हणणाऱ्यांपेक्षा "मला उत्साह वाटतोय" म्हणणारी माणसं जास्त छान बोलली. धडधडणाऱ्या छातीला शांत हो म्हणणं अवघड असतं, उत्साहातही छाती धडधडतेच, त्यामुळे ते मनाला खरं वाटतं. मुलांच्या सहलीच्या आदल्या रात्री जसं होतं ना, तसंच हे, असं मी सांगते.

शरीरासाठी एवढंच करायचं, बोलण्याआधी दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकवायचे, श्वास घेतला त्यापेक्षा हळू आणि लांब सोडायचा, असं तीनदा. मग समोरचे तीन चेहरे शोधायचे, एक डावीकडे, एक मधे, एक उजवीकडे, जे आपल्याकडे आपुलकीने बघतायत, आणि एकेका चेहऱ्याला एकेक वाक्य सांगायचं. वर्गाशी बोलायचं नाही, त्या तिघांशी बोलायचं, वर्गाला वाटतं आपल्या सगळ्यांशी बोलतोय.

आणि वर्गात एक नियम कडक ठेवा, बोलणाऱ्याला हसायचं नाही, मधे शब्द पुरवायचा नाही. या एका बाबतीत मी अजिबात सूट देत नाही. एकदा हसू झालेलं मूल वर्षभर तोंड उघडत नाही, मी बघितलंय.

वेग आणि थांबणं

नवीन बोलणारा जवळजवळ नेहमी भरधाव बोलतो, त्याला लवकर संपवून बसायचं असतं. मायकल फॅरेडे हा किती मोठा शास्त्रज्ञ, पण त्याचं शालेय शिक्षण फारसं झालेलं नव्हतं, पुस्तकं बांधणाऱ्याकडे तो शिकाऊ म्हणून होता. पुढे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये तो व्याख्यानं द्यायला लागला तेव्हा त्याने बोलण्याचे रीतसर धडे घेतले, आणि व्याख्यान चालू असताना त्याचा सहाय्यक त्याच्यासमोर एक कार्ड ठेवायचा, त्यावर लिहिलेलं असायचं "हळू". तास संपत आला की दुसरं कार्ड, "वेळ". हाच माणूस पुढे मुलांना एका साध्या मेणबत्तीवर सहा व्याख्यानं देऊन रसायनशास्त्र समजावत होता. मला ही गोष्ट फार आवडते कारण त्यात लपवाछपवी नाही, आपल्याला काय जमत नाही ते ओळखलं आणि त्यावर उपाय टेबलावर ठेवला. माझ्या वर्गात पण "हळू" लिहिलेलं कार्ड आहे, बोलणारा स्वतः एका मित्राला निवडतो, तो मागे बसून गरज पडली की कार्ड वर करतो. शिक्षकाने "हळू बोल" असं मधेच म्हणण्यापेक्षा हे हजार पटीने बरं.

थांबणं हे वेगळं शिकवावं लागतं. "अं... म्हणजे... तर मग..." हे शब्द का येतात, कारण मुलाला शांततेची भीती वाटते, दोन वाक्यांमधली जागा कशानेतरी भरायची असते. तिथे तोंड मिटून श्वास घ्यायचा, बस. बोलणाऱ्याला तो एक सेकंद युगासारखा वाटतो, ऐकणाऱ्याला मात्र तेवढ्यात आधीचं वाक्य पोचायला वेळ मिळतो. माझ्या वर्गात आम्ही कार्डवर मुद्द्यांच्या मधे एक आडवी रेघ काढतो, रेघ दिसली की थांबायचं.

हातांचं फार मनावर घेऊ नका. विषय समजला असेल तर हात आपोआप हलतात, रुमालवाल्या मुलीचे हलत होतेच की.

ऐकणाऱ्यांना काम द्या

भाषणाच्या तासात एक मूल बोलतं आणि एकोणचाळीस मुलं कंटाळतात, ही तक्रार खरी आहे. टोस्टमास्टर्स ही संस्था १९२४ पासून मोठ्या माणसांना बोलायला शिकवतेय, त्यांची एक पद्धत मी सरळ उचलली, तिथे ऐकणाऱ्यांना भूमिका दिलेल्या असतात, कोणी वेळ मोजतो, कोणी "अं" मोजतो, कोणी भाषेकडे लक्ष देतो, एकजण भाषण कसं झालं ते सांगतो. वेळ सांगायला हिरवा, पिवळा, लाल असे दिवे. मुलांना हे फार आवडतं, रंगीत कागद पुरतात. फक्त "अं" मोजणं मी लहान वर्गात करत नाही, त्याने मुलं आणखी अवघडतात.

भाषण झाल्यावर "छान झालं" म्हणू नका आणि चुकांची यादी पण वाचू नका. माझ्याकडे दोनच वाक्यं चालतात, "मला हे नवीन कळलं की..." आणि "मला हे विचारायचंय की...". पहिल्यातून बोलणाऱ्याला कळतं की काय पोचलं, दुसऱ्यातून कळतं की काय नाही पोचलं. यापेक्षा चांगला फीडबॅक मला अजून सापडलेला नाही.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायचीय. मूल घरच्या बोलीत बोललं तर त्याला मधे अडवून उच्चार दुरुस्त करू नका. त्या क्षणी ते विचार मांडतंय, तुम्ही उच्चाराला हात घातला की त्याला ऐकू येतं की तू जसा घरी बोलतोस ते चूक आहे. प्रमाण भाषा शिकवायची ना, जरूर शिकवा, तिची जागा आहे, ती वेगळ्या वेळी, सगळ्या वर्गाला मिळून. बोलीत बोलणारी मुलं मोकळी झाली की त्यांच्यासारखं रसाळ कोणी बोलत नाही.

ज्यांना जमतच नाही असं वाटतं ती मुलं

चाचरणाऱ्या मुलाचं वाक्य आपण पूर्ण करायचं नाही, कितीही वेळ लागो. नजर हटवायची नाही, "सावकाश, श्वास घे" असले सल्ले द्यायचे नाहीत, काय सांगतोय याकडे लक्ष द्यायचं. आधी त्याला एकट्याला विचारून ठरवा की त्याला कसं सोयीचं आहे, सगळ्यात आधी बोलायचं (म्हणजे वाट बघण्याचा ताण नाही), जोडीने बोलायचं, की एका मिनिटाची मर्यादा त्याच्यापुरती काढायची. काही मुलं घरी भरपूर बोलतात आणि शाळेत महिनोन् महिने एक शब्द काढत नाहीत, तो हट्ट नसतो, त्यांना जबरदस्तीने उभं करू नका, पालकांशी बोला आणि स्पीच थेरपिस्ट किंवा मानसतज्ज्ञाची मदत घ्यायला सांगा.

बाकी शांत मुलांसाठी मोठा गट टाळा. चार जणांच्या गटात बोलणं हेही चारचौघांत बोलणंच आहे, शब्दशः.

कॉलेजमध्ये असाल तर

तिथे अडचण उलटी असते, माहिती खूप आणि वेळ कमी, आणि स्लाइडवर सगळा मजकूर टाकून तो वाचून दाखवायची सवय. ऐकणारा एकाच वेळी वाचू आणि ऐकू शकत नाही, तो वाचतो आणि तुम्ही मागे पडता. स्लाइडवर एक चित्र किंवा एक आकृती ठेवा, वाक्यं तुमच्या तोंडात असू द्या. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठाने २००८ मध्ये एक स्पर्धा सुरू केली, पीएचडीचं सगळं संशोधन तीन मिनिटांत, एकच स्थिर स्लाइड, विषय माहीत नसलेल्या श्रोत्यांना कळेल असं सांगायचं. तेच सांगतात की ऐंशी हजार शब्दांचा प्रबंध बोलून दाखवायला नऊ तास लागतील. आज ती स्पर्धा पुष्कळ देशांत होते. स्वतःच्या प्रोजेक्टवर हे करून बघा, नऊ तासांतलं तीन मिनिटांत काय ठेवायचं हे ठरवताना तुमचा विषय नेमका काय आहे हे तुम्हालाच पहिल्यांदा कळतं. मी ज्या-ज्या विद्यार्थ्यांकडून हे करून घेतलं त्यांचं लेखनही त्यानंतर सुधारलं.

मार्कांबद्दल थोडक्यात, पहिल्या दोन फेऱ्यांना मार्क देऊच नका. नंतर द्यायचे झाले तर निम्मे तरी मुद्दा समजला का आणि समोरच्याला समजला का यावर द्या, आवाज, उभं राहणं वगैरे उरलेल्यात. आणि प्रश्न विचारणाऱ्यालाही मार्क ठेवा, तेव्हाच सगळे ऐकतात.

शेवटचे प्रश्न

भाषण संपल्यावर येणाऱ्या प्रश्नांना मुलं सगळ्यात जास्त घाबरतात, कारण त्याची तयारी करता येत नाही असं त्यांना वाटतं. एक सवय लावायची, प्रश्न आला की आधी तो आपल्या शब्दांत परत म्हणायचा, "म्हणजे तुला विचारायचंय की...", त्यात विचार करायला वेळ मिळतो आणि प्रश्न चुकीचा ऐकला असेल तर तिथेच कळतं. आणि उत्तर येत नसेल तर सरळ म्हणायचं, "मला माहीत नाही, बघून सांगते." हे वाक्य मी स्वतः मुलांसमोर मुद्दाम वापरते, त्यांना मोठ्या माणसाच्या तोंडून ते ऐकायला मिळालं पाहिजे. फळ्याच्या कोपऱ्यात एक चौकोन केलाय, "बघून सांगते" असं वर लिहिलंय, तिथे तो प्रश्न आणि मुलाचं नाव लिहितो, आणि दुसऱ्या दिवशीचं पहिलं मिनिट त्या मुलाचं.